फादरांनी मोटर लावली नाही

सकाळी आमच्या फादरांना जो पहिला माणूस भेटेल त्याला ते विचारायचे, "सुटले का?"

पहिला माणूस म्हणजे बहुतेक वेळा दूधवाला. दूर कुठल्या तरी देशात लढाई सुरू होती. एका बाजूनं दुसऱ्या बाजूची साधी माणसं, बायाबापड्या, म्हातारे असे धरून नेले होते आणि दुसरी बाजू त्यापायी वस्त्याच्या वस्त्या पाडत सुटली होती. फादरांच्या डोक्यात ती धरून नेलेली माणसं बसली होती. दूधवाल्याला यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. पण एवढा मोठा माणूस रोज विचारतो म्हटल्यावर उत्तर द्यायला पाहिजे, म्हणून तो सांगायचा, "नाई फादर, आज बी नाई." फादर मान हलवायचे आणि पातेलं पुढं करायचे. माझ्या मते दूधवाल्याला शेवटपर्यंत वाटत होतं की फादरांचं कोणीतरी नातेवाईक दवाखान्यात आहे.

मी त्यांच्या मिशनच्या शाळेत इतिहास शिकवायचे. शाळा आमच्याच गावात, चिखलीहून जीपनं यायचं तर अर्धा तास, आणि जीप भरेपर्यंत एक तास. माझं लग्न मामाच्या पोराशी झालं, त्यामुळे माहेर आणि सासर एकाच गल्लीत. माहेरी माझा थोरला भाऊ, दादा. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर होऊन आलेला. गावातल्या कोणत्याही भांडणात त्याचा आवाज सगळ्यांत मोठा, त्यामुळे भांडण कोणाचंही असलं तरी पुढारी दादाच. आम्ही बौद्ध. शाळेत आमच्यासारखे बरेच, बाकी मराठे, माळी, थोडे मुसलमान. कॅथलिक म्हणाल तर फादर स्वतः आणि वसतिगृहातली थोडी पोरं. रविवारी त्यांचं देऊळ भरायचं नाही, पण त्यांना त्याचं काही वाटत नसे. बाकं मोकळी दिसली की पोरांना पाय पसरून बसा म्हणायचे.

फादर वसईकडचे. घरी केळीच्या बागा. आमच्या बाजारातलं केळं हातात घेतलं की ते फिरवून फिरवून बघायचे, एक शब्द बोलायचे नाहीत आणि खायचे. उंच होते, पुढे थोडे वाकलेले, आणि लुनावर बसायचं तर हेल्मेट घातल्याशिवाय नाही. शाळेपासून चर्चपर्यंत अंतर एवढं की बसल्या जागेवरून हाक मारली तर तिकडे ओ द्यावी. तरी हेल्मेट. लोक हसायचे. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

पण त्यांचा खरा छंद निराळाच होता. त्यांना जिथं तिथं ओलीस दिसायचे.

एकदा माझ्या वर्गात कोणीतरी फळ्यावर माझं चित्र काढलं, शेपटीसकट. मी सगळ्या वर्गाला उभं केलं. ज्यानं काढलं त्याचं नाव कळेपर्यंत कोणी बसायचं नाही. ही काही मी शोधलेली पद्धत नव्हती, माझ्या मास्तरांनी माझ्यावर हीच चालवली होती. तेवढ्यात फादर दारात.

"टीचर, हे काय?"

"कोणी काढलं ते सांगत नाहीत, फादर. सांगेपर्यंत उभे राहतील."

"म्हणजे ओलीस."

"फादर, सातवी ब आहे."

"सातवी ब ओलीस," ते म्हणाले. "ज्यांनी केलं नाही त्यांचे पाय दुखवून ज्यानं केलं त्याला बोलतं करायचं. हे नाही करता येत." आणि त्यांनी सगळ्यांना बसवलं. जाताना फळ्यापाशी थांबले, चित्र नीट बघितलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे." माझं डोकं असं फिरलं की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही.

कुणाच्या अंगणात चेंडू गेला आणि बाईनं ठेवून घेतला, की ओलीस. सुनेला माहेरी पाठवत नाहीत कारण तिचा भाऊ वाकडं बोलला, की ओलीस. आमच्या गावात अजून कोंडवाडा आहे. दुसऱ्याचं जनावर वावरात शिरलं की नेऊन कोंडायचं. त्याचा निकाल त्यांनी फार विचार करून दिला. म्हणाले, "बकरीनं पीक खाल्लं असेल तर बकरीला कोंडायला माझी हरकत नाही. तिनं स्वतः खाल्लं. पण तिच्यामागं आलेल्या पिल्लाला नको." पाटलाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, पिल्लाले दूध कोण पाजन? तेव्हा फादर म्हणाले, पिल्लू आपखुशीनं आत जात असेल तर जाऊ द्या.

शिक्षकांच्या खोलीत आमचे गणिताचे सर रोज पेपर वाचून एकेका बाजूचे वकील व्हायचे. "यांनी माणसं धरून नेली, मग त्यांनी बॉम्ब टाकले तर काय चुकलं?" दुसऱ्या दिवशी, "त्यांनी एवढी लेकरं मारली, मग यांनी माणसं धरली तर काय चुकलं?" फादर चहात पाव बुडवत ऐकायचे.

"दोन्ही चुकलं," ते म्हणायचे.

"पण आधी कोणाचं?"

"सर, हे अपूर्णांक नाहीत. वरचं खालचं कटत नाही. ज्याच्या हातात हत्यार नाही त्याला धरायचं नाही, मारायचं नाही. हे आमच्या चर्चचं सांगणं आहे. शिपायानं शिपायाला अडवावं, अडवता अडवता तो मेला तर वाईट झालं, पण अडवणं भाग होतं. त्यानं हात वर केले की तिथंच थांबायचं. मग तो पाहुणा. आणि बाईमाणूस, लेकरू, म्हातारा, त्यांच्या बाबतीत कारणच चालत नाही. चांगलं कारणसुद्धा."

"तुमच्याच लोकांनी धर्माच्या नावानं लढाया केल्या, फादर. त्या वेळी कुठं गेलं हे?"

"केल्या," फादर म्हणाले. "म्हणून तर नियम लिहून ठेवावे लागले. ज्यांच्या घरात कोणी दारू पीत नाही ते दारूबंदीचा विचार कशाला करतील?" आणि पाव पुढं बुडवायला घेतला.

दादाचं आणि त्यांचं मात्र जमायचं. का जमायचं ते मला कधी कळलं नाही. दादा संध्याकाळी विहारात वंदना घ्यायचा, प्राणिहिंसेपासून दूर राहीन म्हणून स्वच्छ आवाजात म्हणायचा, आणि बाहेर येऊन ओट्यावर पोरांना बॉर्डरवरची गोष्ट सांगायचा. त्या गोष्टीत शेवटी दादा गोळी घालतो आणि पलीकडचा पडतो. दर वर्षी जयंतीला ही गोष्ट व्हायचीच, आणि पडणारा दर वर्षी थोडा अजून उंच व्हायचा. एक दिवस आमच्या अंगणात दादानं फादरांना विचारलं, "फादर, माह्या हातानं एक माणूस मेला. तुमच्या धर्मात याचं काय होते?"

फादरांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्याच्याकडे बंदूक होती का? त्यानं आधी झाडली का? तो पळत होता का येत होता? हात वर केले होते का? दादा वैतागून म्हणाला, "एवढं तर आमच्या साहेबानं नाई विचारलं."

"पाप दिसत नाही," शेवटी फादर म्हणाले. "तुमचं कामच तिथं उभं राहायचं होतं आणि तो चालून आला. पण एक सांगा, पडला तेव्हा बरं वाटलं का?"

दादा जमिनीकडं बघत बसला. मी आतून चहा घेऊन आले तरी तसाच. मग म्हणाला, "वाटलं."

"तेवढंच बघा," फादर म्हणाले, आणि मला म्हणाले, "टीचर, साखर कमी."

त्या वर्षी जयंतीला दादानं ती गोष्ट सांगितली नाही. पुढच्या वर्षी सांगितली.

आता गजू वायरमनचं.

आमच्याकडे शेतातल्या मोटरींना वीज येते ती डीपीवरून. डीपी म्हणजे खांबावरचं ट्रान्सफॉर्मरचं धूड. ते जळायचं तर नेमकं गहू पोटरीत आल्यावर, ओंबी धरायच्या वेळी जळतं, त्याआधी त्याला वेळ नसतो. त्या वर्षीही तेच. अर्ज दिला, फोन केले, साहेब "पाहतो" म्हणाले. साहेब पाहतो म्हणाले की गावाला पुढचं माहीत असतं. कोणाला तरी कोंडावं लागतं.

ही आमच्या भागातली जुनी रीत आहे आणि तिचे कायदे ठरलेले आहेत. जो सरकारी माणूस हाताशी सापडेल त्याला ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बसवायचं, बाहेरून कडी घालायची, फोटो काढून मोठ्या साहेबाला पाठवायचा. मारहाण नाही, शिवी नाही. पंखा, चहा, दोन टाईम जेवण. फोटोत कोंडलेला माणूसही हसतो, तशी पद्धत आहे. आम्ही बँकेचा माणूस कोंडलेला आहे, रस्त्याच्या ठेकेदाराचा मुनीम कोंडलेला आहे. मुनीम तर जाताना माझ्या पिठल्याची आठवण काढत गेला. आणि सांगते, काम होतं. निवेदनानं जे महिनाभर होत नाही ते कडीनं एका रात्रीत होतं.

या वेळी सापडला गजू. आमच्याच लाईनीचा वायरमन, कंत्राटावरचा. बिल द्यायला आला होता बिचारा, त्याच्या हाती डीपीचं काहीच नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि खोलीत नेऊन बसवलं. गजूही मुकाट्यानं बसला. भाकर-पिठलं मीच पाठवलं. दुपारी तो दारातून म्हणाला, "दादा, उद्या सकाळी मले बुलढाण्याले जा लागते. परमनंटचे कागद तपासून राह्यले. एवढ्या वर्षांनी नंबर लागला. उद्या नाई गेलो तर गेलंच."

"हाव, हाव," दादा म्हणाला. "मुनीमाची माय बी मरून राह्यली होती."

सगळे हसले. झालं असं होतं की आजवर ज्याला ज्याला कोंडलं त्यानं काही ना काही सांगितलं होतं. बायको अडली, माय मेली, पोरगा पडला. एकही खरं निघालं नव्हतं. मग गाव शिकलं, कोंडलेल्या माणसाचं ऐकायचं नाही.

चार वाजता शाळा सुटल्यावर फादर आले. हेल्मेट काढलं, हातात धरलं. सिनेमात बघितलेलं असल्यामुळं मला वाटलं, आता हे म्हणणार, त्याला सोडा आणि मला कोंडा. दादालाही तसंच वाटलं असावं, कारण तो आधीच म्हणाला, "फादर, तुमाले नाई कोंडत आमी. तुमाले कोंडून साहेबाले काय फरक पडते?"

"मी म्हणणारही नाही," फादर म्हणाले. "मीही काही केलेलं नाही. एका निरपराध माणसाच्या जागी दुसरा निरपराध माणूस ठेवला तर त्यात सुधारणा काय? त्याला सोडा."

"डीपी आली का सोडतो."

"हवालदार, फौजेत समोरच्या पलटणीचा आचारी सापडला, तर त्याला बांधून ठेवून पलटणीकडून विहीर मागाल का?"

"नाई. फौजेत तसं चालत नाई."

"मग गावात चालतं?"

"गावात चालते," दादा म्हणाला.

तिथं मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, फादर, तुमचीही मोटर त्याच डीपीवर आहे, वसतिगृहाचा गहू सुकून राहिलाय, तुमच्याच पोरांसाठी आहे हे सगळं. ते म्हणाले, "मागणी बरोबर आहे, टीचर. माणूस चुकीचा आहे." आणि पायरीवर जाऊन बसले. भांडले नाहीत, कोणाला पाप लागेल म्हणाले नाहीत, पोलिसांनाही कळवलं नाही. नुसते बसून राहिले. येणाजाणाऱ्याला त्यांना ओलांडून जावं लागे आणि प्रत्येकाला ते "सोडा त्याला" म्हणत, देवळाच्या दारातला पुजारी चप्पल काढा म्हणतो तशा आवाजात. दिवस मावळल्यावर आतून गजूच म्हणाला, "फादर, घरी जा. मच्छर लय आहेत इथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टरवरून डीपी आली. गाव नाचलं. आता ती खांबावर चढवून जोडायला वायरमन लागतो, आणि गावात वायरमन एकच होता. कडी काढली, गजू बाहेर आला, तोंड धुतलं आणि खांबावर चढला. कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. त्यानं डीपी जोडली, लाईन सुरू केली, मोटरी धडधडल्या, आणि तो कोणाकडं न बघता फटफटीला किक मारून गेला. चहाला थांबला नाही.

बुलढाण्याला पोचला तेव्हा खिडकी बंद झाली होती. हे आम्हाला फादरांनी सांगितलं. ते तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन आले होते. गजू खरं बोलत होता. त्याच्या नंतरच्या नंबरवाल्याला घेतलं, आणि पुढची भरती निघेपर्यंत गजूचं वय निघून जाणार होतं. हे ऐकून दादा म्हणाला, "त्यानं आधी सांगाले पाह्यजे होतं." त्यानं सांगितलं होतं हे सगळ्यांना आठवत होतं.

आणि तेव्हापासून फादरांनी मोटर लावली नाही.

सगळ्यांच्या गव्हाला पाणी फिरत होतं, मिशनच्या गव्हाला नव्हतं. वसतिगृहामागं दोन-तीन एकर, त्यावर पोरांच्या वर्षाच्या पोळ्या निघायच्या. पोरं कोणाची, तर आईबाप वीटभट्टीवर नाहीतर ऊसतोडीला गेलेल्यांची. मी विचारलं तर म्हणाले, "ती वीज ओलीस धरून आणली आहे. मला नको."

"वीज वीज राह्यते," दादा चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तिले काय माहीत कोणाले कोंडलं?" लोक हसले, पण पहिल्यासारखे नाही. फादर सकाळ-संध्याकाळ हातपंपावरून बादल्या नेऊन गव्हाला पाणी घालायचे. तेवढ्या वावराला बादलीनं पाणी म्हणजे हत्तीला चमच्यानं खिचडी. बांधाकडून गहू पिवळा पडायला लागला. लोक त्या रस्त्यानं जाणं टाळू लागले. दादा तर शेताला मागून, ओढ्यातून जायला लागला, चिखल तुडवत.

मला राग आला होता. खरा राग. फादरांचं मन निर्मळ राहावं म्हणून पोरांनी काय खायचं? एका दुपारी मी सरळ त्यांच्या खोलीवर गेले. ते केळं हातात घेऊन बसले होते.

"फादर, तुम्हाला मोटर लावायची नाही, नका लावू. एक विचारते. गजूला दादानं कोंडलं, साहेबाला वाकवायला. बरोबर?"

"बरोबर."

"मग हे पोरांच्या गव्हाचं काय चाललंय? दादानं गजूपुढं वाकावं म्हणूनच ना? पोरांनी कोणाला कोंडलं होतं? हे ओलीस नाही तर काय?"

त्यांनी केळं खाली ठेवलं. मला वाटलं आता मोठं काहीतरी ऐकायला मिळेल, चर्चचं सांगणं, हेतू वेगळा, अमुक तमुक. हेतूवर ते तासभर बोलू शकायचे. पण ते माझ्याकडं बघत होते आणि मी तिथं नसल्यासारखं बघत होते. मग हळू म्हणाले, "सुरुवातीला तसं नव्हतं, टीचर. सुरुवातीला फक्त नको वाटलं होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मग मी बादल्या नेताना बघायला लागलो, हवालदार बघतात का."

मला एकदम वाईट वाटलं. एवढं खरं बोलायची गरज नव्हती. मी काहीतरी सारवासारव करायला गेले, तर ते म्हणाले, "नाही. शब्द बरोबर आहे. तो माझाच आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते गेले. त्यांच्यात आपली चूक दुसऱ्या फादरला सांगावी लागते, स्वतःची स्वतःला माफ करता येत नाही. दुसरे फादर दोन बस बदलून जावं लागेल इतक्या लांब. शाळेत नोटीस लावली नाही, मला फक्त म्हणाले, "पापाची सोय जवळ आहे, पण हे लांब पडतं." संध्याकाळी परत आले, चपला न काढता विहिरीवर गेले आणि मोटर लावली. पाटाचा दांड धरून स्वतः वाफ्यात पाणी सोडलं. मी बांधावर उभी होते. वसतिगृहाची पोरं चिखलात नाचत होती आणि फादर एका जागी उभे राहून पाण्याकडं बघत होते, धोतर धुवायला आलेल्या माणसानं धोतर घरी विसरावं तसे.

तिथून ते तसेच चिखलाच्या पायांनी दादाकडं गेले. मीही मागं गेले, मला राहवलं नाही. दादानं मोटरीचा आवाज ऐकला होता. आपण जिंकलो असं त्याला वाटत होतं आणि ते तोंडावर दिसू नये म्हणून तो सुतळी वळत बसला होता.

"या फादर. लावली ना मोटर?"

"लावली," फादर म्हणाले. "हवालदार, मी तुमची माफी मागायला आलो. तुम्हाला वाकवायला मी लेकरांचा गहू धरून ठेवला होता. तुम्ही केलं तेच मी केलं. मला तर नियमही माहीत होता. मला माफ करा."

दादाच्या हातातली सुतळी तशीच राहिली. आमच्या घरात, आमच्या गावातच म्हणा, मोठ्या माणसानं अशी उभ्यानं माफी मागितलेली कोणी बघितलेली नाही. त्याला काय म्हणायचं असतं तेही आम्हाला ठाऊक नाही. दादा उठला, खाली बसला, पुन्हा उठला. मग म्हणाला, "बाई, चहा ठेव वं." मी चहा ठेवला. फादरांनी घेतला, साखर जास्त होती तरी काही बोलले नाहीत, आणि गेले. गजूचं नावसुद्धा काढलं नाही. मी वाट बघत होते की काढतील. दादाही बघत होता. काढलं असतं तर दादाला भांडता आलं असतं.

त्या वर्षी मिशनचा गहू निम्मा झाला. पोरांना पुढचा गहू येईपर्यंत ज्वारीची भाकर मिळाली, आणि आमच्या गल्लीतल्या बायांनी कोणाला न सांगता पायल्या-पायल्यांनी गहू नेऊन टाकला, त्यात दादाच्या घरचाही होता. पुढच्या जूनमध्ये बिशपांनी फादरांची बदली केली, कुठंतरी धुळ्याकडं. जाताना निरोपसमारंभात गणिताच्या सरांनी त्यांना शांतिदूत म्हटलं तेव्हा ते मागं वळून बघायला लागले, कोण आलंय म्हणून. मला ते आठवले की अजून हसू येतं. त्यांच्याएवढा त्रास मला शाळेत कोणी दिला नाही, आणि त्यांच्याएवढा मोठा माणूसही मी बघितला नाही.

माफी मागून, चहा पिऊन फादर गेले होते त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी दादा माझ्या दारात आला. धुतलेला सदरा, केस विंचरलेले. म्हणाला, "चाल माह्यासंगं. मले बोलता येत नाई."

गजूनं आमची लाईन सोडून दुसरीकडं काम मागून घेतलं होतं. चिखलीच्या रस्त्याला तो खांबावर सापडला, जुनी तार उतरवत होता. दादा जाऊन बरोबर खांबाखाली उभा राहिला, मान वर करून.

"गजू, माहं चुकलं."

गजूनं खाली बघितलं आणि पकडीनं काम सुरू ठेवलं. "काय म्हन्ता?"

"माहं चुकलं."

"जीप जाऊन राह्यली. ऐकू नाई येत."

जीप केव्हाच गेली होती. दादानं श्वास घेतला आणि परेडवर द्यायचा तो आवाज काढला. "माहं चुकलं. तू खरं बोलत होता. म्या तुहं ऐकलं नाई. तुही नोकरी माह्यानं गेली."

समोरच्या टपरीवरून माणसं बाहेर आली. एक बैलगाडी थांबली. दादा मान वर करून तसाच उभा होता आणि उन्हानं त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, म्हणजे तो नंतर तसं म्हणाला. गजू वरून त्याच्याकडं बघत राहिला. हातातली पकड थांबलेली. मला वाटलं हा काहीच बोलणार नाही, आणि न बोलायचा त्याला हक्क होता.

"दादा," तो म्हणाला, "तिथून सरका. तार सोडून राह्यलो."

दादा सरकला. गजूनं तार सोडली. ती दादा उभा होता नेमकी तिथं येऊन पडली.